गलत्याचा रंधा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ
शोधू नये म्हणतात.
रंध्याचं शोधावं. रंधा रागावत नाही.

यॉर्कला, शनिवारच्या जुन्या बाजारात
डगलबी म्हाताऱ्यानं तो चार पौंडांना दिला,
वर एक गंजका गिरमिट फुकट.
"गलत्याचा आहे," मी म्हटलं.
"फळीवर शोभेल," तो म्हणाला.

घरी येऊन नाकाडावर तांदळाची पिठी चोळली,
फुंकर मारली, टॉर्च आडवा धरला.
उजेड समोरून पडला की लाकूड गप्प बसतं,
कडेनं आला की बोलतं.

आधी मालक आले.
पिक.
स्वेल्स, दोनदा, दुसऱ्यांदा उलटा,
घाईत असेल, नाहीतर प्यायलेला.
एक नाव कुणीतरी पटाशीनं खरवडून टाकलेलं,
चोरी की वाटणी, देव जाणे.
पात्याचं गोत्र निराळं, शेफील्डचं;
पाचर तर कालपरवाची, खोक्याच्या फळीची, लाज आणणारी.

मग सगळ्यांच्या खाली, झिजून नखाएवढा उरलेला
घडवणाऱ्याचा ठसा:
अँब्लर, वॉमगेट.
शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला.

अभिलेखागारातल्या बाई म्हणाल्या, पेन्सिलच वापरा.
जोब अँब्लर, रंधे करणारा, स्टोनगेट.
दफन फेब्रुवारी अठराशे एकतीस, ज्वर.
वॉमगेटचं दुकान भाड्यानं घेतलं ते छत्तीस साली.
मी बोटांवर दोनदा मोजलं.
मेलेला माणूस पत्ता बदलत नाही.

पुढच्या यादीत एकच ओळ:
केझाया अँब्लर, विधवा, तोच धंदा.

पत्ता नवा, ठसा नवऱ्याचा.
नवा पाडून घ्यायला पैसे लागतात,
आणि बाईच्या हातचा रंधा
कुठला सुतार उघडपणे घेणार होता?
त्या लंगड्या अक्षरावर किती वर्षं
तिनं हातोडा मारला, यादी सांगत नाही.

मी पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधली.
घडवणारी: के. अँब्लर.
मग प्रामाणिकपणे, बारीक अक्षरात, अलीकडे: बहुधा.

रंध्याच्या तोंडात एक ढलपी अडकली आहे,
पातळ, कुरळी, कोऱ्या चहाच्या रंगाची.
कुणाचं शेवटचं काम ते? जिना, चौकट, शवपेटी?
चिमट्यानं धरली तर सहज निघेल.

चिमटा टेबलावर आहे.
तीन आठवडे झाले.