एक जून

लेस्टरच्या नेत्रविभागात
सकाळपासून पाचव्यांदा: जन्मतारीख?
मी सांगते, एक जून.
ती माझी नाहीच.
वाईच्या शाळेत धामणकर मास्तरांनी
अर्ध्या वर्गाला तीच वाटली होती
रेवड्यांसारखी.

नर्स ब्रॉनवेन मनगटावरची पट्टी वाचते,
मग कागद, मग पुन्हा पट्टी.
उजव्या भुवईवर डॉक्टरांचा शाईचा बाण.
तरी विचारते, कुठला डोळा?
बाण दिसतोय की, मी म्हणते.
"बाण कुणीही काढेल. तुमच्या तोंडून हवं."
उजवा, बाई, उजवा.

टेबलावर दिवा डोळ्यात उतरलेला
आणि तिचा आवाज:
थांबा.
भिंगाच्या डबीवर साडेएकोणीस.
माझा आकडा बावीस.
डबी जसुमतीबेनची,
बाहेर माझ्याशेजारी माळ ओढत बसलेल्या.
त्यांचीही तारीख एक जून.

डॉक्टरांनी हात मागे घेतले.
कुणी कुणावर खेकसलं नाही.
दुसरी डबी आली, आकडा दोघांनी मोठ्यानं वाचला,
आणि झालं ते कुणीतरी लिहून ठेवलं.

आठवड्याने गेले तेव्हा
ब्रॉनवेनच्या नाकावरचे ठिपके मोजता येत होते.
जन्मतारीख? तिने विचारलं.
पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला,
आई सांगायची.
ती पेन उचलून
बराच वेळ रकान्याकडे बघत राहिली.