खालच्या रांगेतली सातवी फ्रेम

लॉस विलोसच्या उत्तरेला, रस्ता खडकांत विरतो तिथे
ओल्या वाळूत तिवई रोवली.
तिचा एक पाय तसूतसूने खचत होता,
हे मला कळलं घरी, आठवड्यानं.

भिंगावर दव धरू नये म्हणून
भाच्याचा लोकरी मोजा गुंडाळलेला,
आत कोमट तांदळाची पुरचुंडी.
वीस सेकंद. थोडं उजवीकडे.
वीस सेकंद. थोडं उजवीकडे.
वृश्चिक डोकं खाली घालून पाण्यात शिरत होता,
नांगी तेवढी वर.

ओहोटीच्या खडकांवर एक दिवा हलला.
इथे मोठ्या माणसाला आदरानं 'दोन' म्हणतात:
दोन एर्मोहेनेस, कपाळाला दिवा बांधून
कोचायुयो कापायला आलेले,
मनगटाएवढं जाड, चामड्यासारखं समुद्रशेवाळ.
हाक मारली असती, तर दिवा माझ्याकडे वळला असता
आणि फ्रेम जळाली असती.
गप्प राहिले.

घरी अठरा तुकडे जोडले.
आकाश मुकाट्यानं जुळलं.
समुद्र जुळेना.
चौथ्या फ्रेममधली लाट पाचवीत पोचेपर्यंत
लाट राहिलेलीच नव्हती.
घासलं, पुसलं, कड पातळ केली,
गावाच्या दिव्यांचा नारिंगी डाग उतरवला,
काळा रंग अजून काळा केला,
मग लाज वाटून परत आणला.
आणि दोन एर्मोहेनेस तीन झाले होते:
पाचवीत वाकलेले, सहावीत उभे,
सातवीत नुसती प्रकाशाची रेघ.
संगणकानं विचारलं, भूत दिसतंय, काढू का?
नको म्हटलं.

रविवारी त्यांच्या ओट्यावर छापील चित्र उलगडलं.
आकाशगंगेकडे त्यांनी पाहिलं
जसं आपण शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहतो.
मग नख टेकवलं, नेमकं सांध्यावर.
"ही लाट कुणाची?
या खडकावर पाणी डावीकडून चढतं.
अशी आली असती, तर आज मी तुझ्यासमोर बसलो नसतो."

ओर्तेन्सियाबाई चहा घेऊन आल्या,
चष्मा लावून एकेक दिवा मोजला.
"तिघं होतात," नवऱ्याला म्हणाल्या,
"मग घरी भारा एकच कसा आला?"

लाट मी बदलली. एकाच फ्रेममधली, अख्खी.
क्षितिज उत्तरेला किंचित उतरतं,
ते राहू दिलं.