लाल चांदणी

शुक्रवारी पाचला मुदत संपत होती,
दोन्हीकडची.
भूमेश्वरी साडेतीनला आली, आईला घेऊन,
आणि लाइन गेली.

माझ्या सेतू केंद्रात उत्पन्नाचे दाखले निघतात,
सातबारा, आधारवरचं चुकलेलं आडनाव.
इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तासभर निघतो,
प्रिंटर नाही.
म्हटलं, बसा.
देवांगनाकाकू खुर्चीत बसल्या नाहीत,
दाराला टेकल्या. हातातल्या पिशवीत
साऱ्या मार्कशिटा,
धानाचं पोतं बांधतात तशा सुतळीनं बांधलेल्या.

स्क्रीनवर दोन पत्रं.
एक पुण्याचं. ते नाव
हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर दोनदा घेतलं होतं,
दुसऱ्यांदा सावकाश,
पोरांना टाळ्या कुठं वाजवायच्या ते कळावं म्हणून.
पहिल्या वर्षाचे तीन लाख बारा हजार. मेस वेगळी.
दुसरं नागपूरच्या पुढचं, नवंच,
फोटोतली झाडं अजून काठीला बांधलेली.
फी माफ, राहणं माफ, जेवण माफ,
वरून महिन्याला दोन हजार.
"काहून देतेत?" काकूंनी विचारलं.
फुकटाची भीती त्यांना होती.
मला त्या वयात नव्हती.

मी फुकटचंच घेतलं होतं. बारा वर्षं झाली.
शिकवलं वाईट नाही. दोन मास्तर तर असे
की अजून दिवाळीला फोन करतो.
पण मुलाखतीत कॉलेजचं नाव सांगितलं की
समोरचा माणूस चष्मा काढून विचारायचा,
हे कुठं आलं?
मी जिल्हा सांगायचो. मग तालुका.
सांगत सांगत एक दिवस गावातच पोचलो.

तिच्या वडिलांना फोन लावला. ते हार्वेस्टर घेऊन
रायपूरकडे गेलेले. मशीनच्या आवाजातून
"तू पाय मंग, बेटा" एवढंच आलं,
पुन्हा एकदा "तू पाय",
आणि रेंज गेली.
काकू म्हणाल्या, दोन म्हशी आहेत.
साकोलीच्या बँकेचा लोनचा फॉर्म
माझ्याच ड्रॉवरात होता. काढला नाही.
भूमेश्वरी माझ्याकडं वळली.
"भाऊ, तुमी असते तं?"

माझ्या जिभेवर पुणं होतं.
खरं सांगतो, होतं.
मी कीबोर्ड उलटा करून झटकला.
बिस्किटाचा चुरा पडला, एक मुंगी.
म्हटलं, माझं सोड.

ती बराच वेळ त्या बांधलेल्या झाडांकडं पाहत होती.
मग आईकडं न बघता बोलली,
"म्हशी इकल्या तं हे दिवसभर करन काय?
माह्याच मागं लागन.
जेवली का, शिकली का, नंबर कितवा आला.
त्याच्यापरीस म्हशीच्या मागं राहू दे."
काकू हसल्या. मग पदर तोंडावर घेतला,
हसायलाच, असं मी धरलं.

चार बेचाळीसला आम्ही नागपूरकडचं 'स्वीकार' दाबलं.
मला वाटलं, झालं.
पण पुण्याचं सोडायला आणखी एक चौकट उघडली:
कारण लिहा.
बाजूला लाल चांदणी.
"लिहाच लागते?"
चांदणी असली की लागते, मी म्हटलं.
जागा पाचशे अक्षरांची.
तिनं बोटं ठेवली, उचलली.
काकू दोन पावलं मागं सरकल्या,
पेपर लिहिणाऱ्यापासून सरकावं तसं.
इन्व्हर्टर पिंपिं करू लागला.
तिनं एक पूर्णविराम टाकला.
नुसतं टिंब.
आणि त्या एवढ्या मोठ्या नावाच्या कॉलेजला
ते चाललं.

लाइन साडेपाचला आली.
ती थांबली होती. दोन्ही पत्रांची प्रिंट हवी म्हणाली,
एक साधी.
सोडलेल्याची रंगीत.
साध्याचे पाच, रंगीतचे वीस.
पंचवीस मोजून तिनं काउंटरवर ठेवले.
वीस परत करावेत का
याचा मी विचार करत होतो,
तोवर दोघी सायकलीपाशी पोचल्या होत्या.