उजळाईवाडीच्या दारात

चौतीस वर्षं गारगोटी डेपोला कंडक्टर होतो,
खिसेकापू कसा दिसतो हे मला कोण शिकवणार?
धक्का देणारा कधीच चोर नसतो, मालन.
धक्का लागल्यावर
"लागलं का हो?" असं मायेनं विचारतो,
तो असतो.

जुनी कंडक्टरची बॅग माळ्यावर होती.
तिचा पट्टा तुटलेला, पण चामडं अजून घट्ट.
तुकडा कापला,
तुझ्या परकराला आतून कप्पा शिवला,
तू हसत होतीस, सुई माझ्या बोटात जात होती.
साजाची पानं मोजली. एकवीस.
परत मोजली.
तिसऱ्यांदा मोजताना तू दिवा घालवलास.

सकाळी रिक्षात पुन्हा सगळं सांगितलं:
मोठी बॅग पट्ट्यावरून आत गेली
की ती आपली नाही असं समज,
त्यात सोनं नको.
पैसे तीन जागी. मोबाईल हातात,
पण ट्रेमध्ये ठेवलास तर ट्रे पुढं जाईपर्यंत
तू कमानीतून जाऊ नकोस.
कुणी कितीही घाई करू दे.
आणि झोपायचं न्हाई.
"विमान तासाभराचं हाय," तू म्हणालीस,
"आणि मला कुठं झोप येतीया."

दारातल्या पोरानं तुझं तिकीट बघितलं,
आधारकार्ड बघितलं, तुझं तोंड बघितलं.
मग माझ्याकडं हात केला.
तिकीट?
मी बिनतिकीट होतो.
कूरच्या फाट्यावर भर उन्हात
किती जणांना उतरवलं असेल मी,
एक म्हातारा तर पिशवी विसरून उतरला होता,
ती डेपोत जमा केली, पावती फाडली,
न्यायला कुणी आलं नाही.
तो आठवला, एवढंच.

काचेतून तुझी पाठ दिसली.
खांद्याची पिशवी पुढं छातीशी घे म्हणून
चार वेळा सांगितलेलं,
तू मागंच ठेवली होतीस.
मी काच वाजवली.
पोरगा म्हणाला, काका, बाजूला व्हा.

दुपारी फोन आला.
"पोचलो," तू म्हणालीस.
पलीकडं जावयाच्या आईनं
"पोचलो की पोचले?" असं विचारलेलं ऐकू आलं,
आणि तू ठसक्यात, "आमच्यात पोचलोच म्हणत्यात."
साज?
हाय.
कमानीतलं यंत्र ओरडलं म्हणे,
पडद्याआड नेलं.
तिथली पोरगी कागलची निघाली.
कप्पा उसवून बघितला, पानं बघितली,
आणि विचारलं, मावशी, टाके कुणाचे?
लई बारीक घातल्यात.
परत शिवायला सुई नव्हती, म्हणून
स्वतःची सेफ्टी पिन काढून दिली तिनं.

मग तू जरा थांबलीस.
मोठ्या बॅगेची चेन उचकटलेली होती.
बाळाचे चांदीचे वाळे जिथल्या तिथं,
नवी साडी घडीत.
कांदा-लसूण मसाला गेला.
दोन किलो.
आठ दिवस तू डंखावर नंबर लावून
शेजारी बसून कुटून घेतलेला,
मिरची निवडताना डोळे सुजलेले.

मला आधी हसू आलं.
असेल कुणी, रात्रपाळीचा, उपाशी,
आज त्याच्या घरी कालवणावर
लाल तर्री आली असेल,
बायको म्हणाली असेल, कुठनं आणलासा?
मग राग आला. मग तोही गेला.
एवढ्या सूचना दिल्या मी,
मसाल्याचं एका शब्दानं बोललो नाही.

रात्री स्वयंपाकघरात
तू मागं ठेवलेली अर्धी बरणी दिसली.
झाकणावर तुझं बोट उमटलेलं, तांबडं.
पुसलं नाही.
बरणी उचलली,
साजाच्या रिकाम्या डबीशेजारी
लोखंडी कपाटात ठेवली,
कुलूप दोनदा ओढून बघितलं,
किल्ली उशाखाली.

सव्वीस दिवस आहेत.
मोजले.