तीन सोमवार

बिश्केकमधल्या चौथ्या मजल्यावर हीटर नावालाच.
पियाल्यातला चहा गार,
आणि आलेख छपाईवाल्यांकडून परत आलाय:
रेघा पुसट, अक्षरं विरघळलेली, पुन्हा पाठवा.

तेमिरलान म्हणाला, कोपऱ्याला धरून ताण की.
ताणला.
जुन्या स्वेटरसारखा झाला; भोकं तेवढी वाढली.

चूक माझीच. जतन करताना मी काहीच सांगितलं नव्हतं,
आणि न सांगता पायथन इंचाला शंभरच ठिपके देतं,
रांगेतल्या पावासारखे, मोजून.
त्याआधी जेपीजी करून पाहिलं होतं:
रेघेच्या दोन्ही बाजूंना मळकट भुरभुर.
आलेख बर्फाचा, त्याला वाटलं असेल
थोडं आपणही पाडावं.

मग सहाशे. अक्षरांना कडा आल्या,
पण तळाचा ‘वर्ष’ हा शब्द कमरेत कापला गेला.
चौकट घट्ट करायला सांगितली, तेव्हा तो अख्खा परतला.

शेवटी पीडीएफ.
त्यात रेघेला ठिपके नसतातच,
इथून तिथे जा, एवढाच निरोप.
मी रेघ केसाएवढी बारीक केली
आणि जवळ जात राहिले.

चौऱ्याण्णवचा ऑगस्ट.
रेघ तुटलेली.

हिमनदीत रोवलेली काठी, काठीवर खाचा,
उन्हाळा-हिवाळा दर सोमवारी एक आकडा.
ही पहिली तेवीस वर्षं अताची.
एकही सोमवार चुकला नाही,
असं ते प्रत्येक लग्नात सांगतात,
आणि जाड रेघेने आजवर त्यांची बाजू घेतली.

फोन केला.
खेचर लंगडत होतं, म्हणाले.
तीन आठवडे?
पलीकडे कुणीतरी कुरुत चघळत होतं, तेच असावेत.
मग म्हणाले,
तुझी आई तापाने फणफणली होती. तू चार महिन्यांची.
वहीत कुठे लिहिणार?
रकाने सगळे सेंटिमीटरचे.

तेमिरलान म्हणतो, दोन्ही टोकं जोडून टाक,
एवढं कोण बघतंय.
खरंय. छापल्यावर ती फट
सुईच्या टोकाहून लहान असेल.

मी नाव दिलं: शेवटची_नऊ.
तेवढ्यात दिसलं, ‘सेंटिमीटर’ची वेलांटी
अक्षावर टेकतेय.
शेवटची_दहा.