अर्धी टाकी

पूर ओसरून महिना झालेला,
तरी ट्रॅक्सच्या सीटखालून वाळू निघायची.
पुढं सर्वेवाली मॅडम, मांडीवर तक्ता,
तक्त्यात तीनच रकाने:
सावरलं, सावरतंय, नाही.

गोकाकला आधी गेलो.
पाणी अजून चहाच्या रंगाचं,
खरं कठड्याला नवा रंग, तिकिटाला नवी खिडकी,
पार्किंगला गणवेशातला पोऱ्या, शिट्टीसकट.
करदंटाच्या दुकानांपुढं बसगाड्यांची रांग.
मॅडमनं पहिल्या रकान्यात टिक मारली.
मी गाडी लावत होतो.
फोटोवाला इमामसाब जिथं उभा राहायचा
त्या दगडावर आता कचऱ्याचा डबा.
पोऱ्याला विचारलं. गोत्तिल्ल, म्हणाला,
आणि माझ्याकडून वीस रुपये घेतले.

चोर्ल्याच्या वाटेवर नार्वेकरांचं रिसॉर्ट,
सहा खोल्या पुऱ्या, आठांच्या नुसत्या सळ्या.
वीज यायच्या आधी बँकेचा माणूस येऊन गेला.
पोहायच्या तळ्यात बेडकांनी संसार मांडलेला.
मॅनेजर किटवाडकर एकटाच,
रोज सकाळी बारा टॉवेल घडी करून ठेवतो.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
मॅडमचं पेन दुसऱ्या रकान्यावर थांबलं,
मग तिसऱ्यावर,
मग तिनं टोपण लावलं.

जांबोटीच्या आत एका वळणावर डांबर संपतं.
तिथून तासभर पायी, जळवा मोजत.
त्या धबधब्याला नाव नाही;
गावातले 'पडतं पाणी' म्हणतात, झालं.
टोपाण्णा आणि यल्लू,
एक चूल, चार बांबू, एक ताडपत्री,
एवढंच वाहून गेलं होतं. चार दिवसांत परत उभं.
"काय लिवूलालाय मॅडम?" यल्लूनं विचारलं,
"आमी पडलोच कवा, उठल्याचं लिवायला?"
नाचणीची भाकरी, खेकड्याचा रस्सा, दोघांचे ऐंशी.
यंदाची आम्ही पहिली गिऱ्हाइकं.
गेल्या वर्षी अकरा आली होती, नावासकट पाठ आहेत तिला.

परतताना मॅडम म्हणाली,
हे तक्त्यात बसत नाही. रस्ता झाला की बसेल.
मी गियर बदलला.
रस्ता झाला तर माझ्या फेऱ्या वाढतील,
पोराची फी भागेल, खोटं कशाला बोला.
तरी निघताना चुलीशेजारचा तो सपाट दगड
मी नीट बघून ठेवला होता,
त्यावर यल्लूनं मीठ वाटलं होतं.

टाकी अर्ध्यावर आलेली.
खानापुरात डिझेल भरलं,
पावती मॅडमच्या नावानं.