कोपर

प्रसिद्धीप्रमुख म्हणून माझी निवड झाली
कारण आमच्या दुकानात फॅक्स होता.
मस्कत, वादी कबीर, स्पेअर पार्ट्सची गल्ली.
क्लच प्लेटांच्या खोक्यावर कागद ठेवून
मी लिहिलेली पहिली बातमी:
प्रतिवर्षीप्रमाणे यंदाही, मान्यवरांच्या उपस्थितीत,
कार्यक्रम उत्साहात संपन्न.

छापून आली नाही. दुसरीही नाही.
तिसरी घेऊन मीच गेलो रुवीला, सोबत पेढे.
सिटी डेस्कवर थंकम्मा वर्गीस,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
पुडा न उघडता शिपायाकडे सरकवला
आणि तिच्या मल्याळी हिंदीत विचारलं,
"उत्साहात म्हणजे? कुणी खुर्च्या मोडल्या का?"

दोन वर्षं लागली मला.
पहिल्या ओळीत माणूस हवा, मंडळ मागाहून.
संध्याकाळी पान लागत असताना फोन म्हणजे पाप.
शाल-श्रीफळाचे फोटो थेट टोपलीत.
एकदा मी नुसतं कळवायला फोन केला,
आज माझ्याकडे काही नाही.
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मग घल्याच्या कॅम्पातली ती सात माणसं.
दिवसभर शटरिंग, रात्री गच्चीवर
पाण्याच्या टाक्यांमधल्या बोळात तालीम.
इकबाल मुकादमने सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर
लिहिलेली एकांकिका: टँकर येत नाही त्या दिवसाची.
सासूचं काम अनंता गोताडकडे.
मिशी काढणार नाही म्हणाला, पदर तोंडावर ओढून घेईन.

"थंकम्मा, एक सुतार मिशीसकट सासू होतोय."
पलीकडे पेन थांबल्याचं ऐकू आलं.
"फोटोग्राफर पाठवते."

मी सातही नावं फॅक्स केली,
वय, गाव, तालुका, एकही काना-मात्रा न चुकवता.
छाती भरून आली होती, खोटं कशाला बोलू.

त्याच रात्री पावणेनऊला शटर वाजलं.
इकबाल आत आला. अनंता पायरीवरच,
चपला हातात.
"माझं नाव नको, भाऊ.
पहिल्या कफीलकडून न सांगता निघालोय.
पासपोर्ट अजून त्याच्याच कपाटात.
तोंडसुद्धा नको."

तालमीत पदर कितीदा घसरला होता
ते मला तेव्हा आठवलं.

साडेनऊला पान जातं.
पाचव्या रिंगला तिने उचलला.
"एक नाव काढायचंय. आणि एक चेहरा."
मागे कुणीतरी खोकत होतं, मशीन सुरू होतं.
"का?"
मी काय बोलणार. फॅक्सचा हिरवा दिवा बघत राहिलो.
"नको, सांगू नकोस," ती म्हणाली,
"सांगितलंस तर ती बातमी होईल."

सकाळी पान पाच. चार कॉलम.
सहा नावं, सहा माणसं, टाक्या, वाळत घातलेल्या लुंग्या,
आणि उजव्या कडेला, जिथे फोटो संपतो,
लुगड्यातून बाहेर आलेलं एक कोपर.

गुरुवारी हॉल भरून माणसं जिन्यात बसली.
शनिवारी मी दोन ओळी पाठवल्या:
सासूच्या एन्ट्रीला दोन खुर्च्या मोडल्या.
तिने त्या तशाच छापल्या.

अनंताने पेपरच्या पाच प्रती घेतल्या.
एक इकबालच्या पत्रातून लांज्याला गेली,
कोपराभोवती निळ्या पेनाने गोल करून.
महिन्याने उत्तर आलं, इकबालच्याच पोस्ट बॉक्सवर.
मला दाखवायला दुकानात आणलं त्याने,
काउंटरवर उलगडलं, बोट ठेवलं त्या ओळीवर:

बघितलं. शेजारणीलाही दाखवलं, ओळखलं तिने.
हात फार वाळलाय तुमचा.